शिकाऊ उमेदवारी (भंडारा जिल्हा)

शिकाऊ उमेदवारी ही एखाद्या आस्थापनेत करारबद्ध राहून, ठरावीक मुदतीत, विद्यावेतन घेत प्रत्यक्ष कामातून व्यवसाय शिकण्याची पद्धत आहे. भारतात ती 'शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१' या केंद्रीय कायद्यानुसार चालते. महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्ह्यात आयुध निर्माणी, मॅंगनीजच्या खाणी, पोलाद व मोटार उद्योग, एस.टी. महामंडळ, महावितरण आणि अनेक लहान कारखाने हे या पद्धतीचे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखात शिकाऊ उमेदवार घेऊ इच्छिणाऱ्या नियोक्त्याच्या बाजूने या पद्धतीची रचना, खर्च, जबाबदाऱ्या व मर्यादा सांगितल्या आहेत.

## शब्द व पूर्वपीठिका

'उमेद' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द असून त्याचा अर्थ आशा असा आहे. 'उमेदवार' म्हणजे आशा धरून राहिलेला मनुष्य. जुन्या काळी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यात राबणाऱ्या होतकरू कारकुनास उमेदवार म्हणत आणि त्या काळास 'उमेदवारी करणे' असे म्हटले जाई. पुढे हाच शब्द निवडणुकीस उभे राहणाऱ्यासाठीही रूढ झाला. 'शिकाऊ उमेदवार' या संज्ञेत मात्र मूळ अर्थाची छटा अजून टिकून आहे. जुना उमेदवार धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे, तर आजच्या शिकाऊ उमेदवाराच्या हाती नोंदणीकृत करार असतो.

कायद्यापूर्वीही जिल्ह्यात धंदा शिकण्याची परंपरा होती. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते, तर मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. अशा धंद्यांत हाताखालचा मुलगा आधी भाता, मग हातोडा, मग ओतकाम अशा क्रमाने, किंवा आधी कांडी भरणे आणि मग माग, असा वर घेतला जाई. शिक्षण घरातच किंवा जातीच्या वर्तुळात होई. त्यास मुदत नसे, परीक्षा नसे आणि बाहेर दाखविता येईल असे प्रमाणपत्रही नसे.

ब्रिटिश अमदानीत १८५० साली शिकाऊ उमेदवारांविषयी एक कायदा झाला होता. अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकवून पोटास लावणे हा त्याचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर उद्योगीकरणाने वेग घेतला, तेव्हा कुशल कामगारांची गरज भागविण्यासाठी १९६१ चा अधिनियम संमत झाला व १ मार्च १९६२ पासून अमलात आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक, आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१४ ची दुरुस्ती सर्वांत व्यापक होती. तिने उद्योगांना स्वतः आखलेले व्यवसाय शिकविण्याची मुभा दिली, नोंदणी संकेतस्थळावर आणली आणि तुरुंगवासाची शिक्षा काढून दंडाची पद्धत ठेवली.

## कोणावर बंधनकारक

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आस्थापनांचे संख्याबळावरून तीन गट पडतात.

- ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.
- ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे.
- ४ पेक्षा कमी माणसे असलेली आस्थापना या पद्धतीत येत नाही.

संख्याबळ मोजताना कायम कामगारांबरोबर कंत्राटी कामगारही धरले जातात. हंगामानुसार माणसे वाढविणाऱ्या धंद्यांत या तरतुदीचा विसर पडण्याचा संभव असतो. कायम हजेरीपटावर वीसच नावे असली, तरी कंत्राटदाराकडील पंधरा माणसे मिळविल्यास संख्या पस्तीस होते आणि ऐच्छिक वाटणारी गोष्ट बंधनकारक ठरते.

घ्यावयाच्या उमेदवारांची संख्या एकूण संख्याबळाच्या २.५ ते १५ टक्के या पट्ट्यात ठेवावी लागते. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्यास किमान १ व कमाल ६, तर २०० माणसांच्या कारखान्यास किमान ५ व कमाल ३० उमेदवार घेता येतात. वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. नियमित कामगारांच्या जागी मोठ्या संख्येने शिकाऊ उमेदवार ठेवून काम उरकले जाऊ नये, हे तिच्यामुळे साधते. निर्देशित व्यवसायांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही अधिनियमात आहे.

किमान संख्या न भरणाऱ्या आस्थापनेस २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक रिक्त जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये व त्यापुढे दरमहा १,००० रुपये असा दंड ठरवून दिला.

## व्यवसायांचे व उमेदवारांचे प्रकार

निर्देशित व्यवसाय. हे केंद्र शासनाने अधिसूचित केलेले व्यवसाय आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे बोलीतल्या 'आयटीआय'त, शिकविले जाणारे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, यंत्रकारागीर इत्यादी व्यवसाय या गटात येतात. त्यांचा अभ्यासक्रम व मुदत शासन ठरविते.

ऐच्छिक व्यवसाय. हे नियोक्ता आपल्या गरजेनुसार ठरवितो. त्यांची मुदत ६ ते ३६ महिने असू शकते. दुकाने, रुग्णालये, बँका, उपाहारगृहे अशा सेवाक्षेत्रास ही पद्धत याच मार्गाने खुली झाली.

उमेदवार शाळेतून नुकताच बाहेर पडलेला असो, आयटीआय उत्तीर्ण असो, पदविकाधारक असो वा पदवीधर, त्याचे किमान वय १४ वर्षे असावे लागते. धोकादायक उद्योगांत ही मर्यादा १८ वर्षे आहे. भंडाऱ्यासारख्या, स्फोटक द्रव्ये व खाणी असलेल्या जिल्ह्यात ही अट कागदापुरती मानून चालत नाही.

## करार व नोंदणी

उमेदवार व नियोक्ता यांच्यात लेखी करार होणे हा पद्धतीचा कणा आहे. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक सही करतो. नियोक्त्याने प्रथम शासनाच्या शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर आस्थापनेची नोंदणी करावयाची, नंतर व्यवसाय व जागा जाहीर करावयाच्या, आलेल्या अर्जांतून निवड करावयाची आणि कराराचा तपशील सात दिवसांत संकेतस्थळावर भरावयाचा, असा क्रम आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या यंत्रणेकडून पडताळणी व नोंदणी होते.

महाराष्ट्रात हे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत चालते. जिल्हा पातळीवर मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र तसेच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याकडे नियोक्त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. केंद्रीय सार्वजनिक उपक्रम, रेल्वे, तसेच चार किंवा अधिक राज्यांत पसरलेल्या आस्थापना यांच्याबाबत केंद्र शासनाची यंत्रणा काम पाहते. अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकांसाठी पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबई येथे आहे.

नोंदणी न झालेला 'शिकाऊ' हा कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार ठरत नाही. अधिनियमानुसार नोंदलेला उमेदवार प्रशिक्षणार्थी मानला जातो. तो कामगार मानला जात नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी व राज्य कामगार विमा यांची वर्गणी त्याच्यासाठी भरावी लागत नाही. करार नोंदविला नसेल तर ही सवलत टिकत नाही आणि तपासणीत तो मनुष्य साधा कामगार ठरू शकतो. तेव्हा किमान वेतनापासून विम्यापर्यंत सर्व देणी नियोक्त्यावर येतात. दुसऱ्या बाजूस, बिननोंदणीच्या मुलाचे वर्ष वाया जाते, कारण त्यास परीक्षेस बसता येत नाही.

## प्रशिक्षणाची रचना

प्रशिक्षणाचे स्थूलमानाने तीन घटक आहेत.

१. मूलभूत प्रशिक्षण: हत्यारे ओळखणे व धरणे, मोजमाप, सुरक्षिततेचे नियम. नवख्या उमेदवारास ते आधी द्यावे लागते. आयटीआय उत्तीर्ण उमेदवारास त्यातून सूट मिळते.

२. प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण: हे आस्थापनेत, अभ्यासक्रमाच्या क्रमाने व पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली होते.

३. अनुषंगिक सूचना: व्यवसायाशी संबंधित सिद्धांत, गणित व आरेखन यांचे वर्ग.

निर्देशित व्यवसायाच्या अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण उमेदवारास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वे व संरक्षण उत्पादनाच्या भरतीत या प्रमाणपत्रास विशेष मोल आहे.

उमेदवार काय शिकला याची नोंद ठेवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. वर्षभर एकाच यंत्रावर एकच नग काढून घेतल्यास उत्पादन होते, पण प्रशिक्षण होत नाही. म्हणूनच उमेदवारास नगावर मोबदला देण्यास, तसेच त्यास उत्पादन-बोनसाच्या योजनेत ओढण्यास अधिनियमाने मनाई केली आहे. कामाचे तास नियोक्ता ठरवितो. जादा काम मात्र सल्लागाराच्या मान्यतेविना देता येत नाही, आणि ते प्रशिक्षणाच्या अथवा सार्वजनिक हिताचे असल्याची खात्री पटल्यावरच ही मान्यता मिळते.

## विद्यावेतन व खर्चाचा हिशेब

२०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन पुढीलप्रमाणे ठरविले.

- पाचवी ते नववी उत्तीर्ण: ५,००० रुपये
- दहावी उत्तीर्ण: ६,००० रुपये
- बारावी उत्तीर्ण, तसेच राष्ट्रीय वा राज्य प्रमाणपत्रधारक: ७,००० रुपये
- पदविकाधारक: ८,००० रुपये
- पदवीधर: ९,००० रुपये

दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के व तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ द्यावयाची असते. आयटीआयमध्ये घेतलेल्या प्रशिक्षणाचा काळ दर ठरविताना हिशेबात धरला जातो. विद्यावेतन पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावे लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस केली. करार करण्यापूर्वी चालू दर संकेतस्थळावर पाहून घेणे आवश्यक असते.

खर्चाचा काही भाग शासन उचलते. १९ ऑगस्ट २०१६ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपेक्षा अधिक नाही, एवढा वाटा केंद्र शासनाचा असतो. पूर्वी नियोक्ता सर्व रक्कम देई व नंतर परतावा मागे. २०२३ पासून शासनाचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. पदवीधर व पदविकाधारकांसाठीच्या स्वतंत्र राष्ट्रीय योजनेत शासनाचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा असतो.

उदाहरणादाखल, ७,००० रुपये दराच्या एका बारावी उत्तीर्ण उमेदवाराचा हिशेब असा होतो. २५ टक्के म्हणजे १,७५० रुपये, परंतु मर्यादेमुळे शासनाचा वाटा १,५०० रुपयेच. नियोक्त्याचा वाटा दरमहा ५,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६६,००० रुपये. दहावी उत्तीर्ण उमेदवारासाठी शासनाचा वाटा नेमका १,५०० रुपये असल्याने नियोक्त्यास दरमहा ४,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५४,००० रुपये पडतात.

कागदावर न दिसणारा खर्च मात्र निराळा आहे. शिकविणाऱ्या जुन्या कारागिराचा वेळ, वाया जाणारा माल, मोडणारी हत्यारे आणि सुरुवातीच्या महिन्यांत मंदावणारे काम यांस कोणताही परतावा नाही. पहिल्या काही महिन्यांत उमेदवार जेवढे काम करतो त्याहून अधिक काम तो इतरांना लावतो. तो खरा उपयोगी पडतो उत्तरार्धात. म्हणून अगदी अल्प मुदतीचा करार नियोक्त्यास अनेकदा महाग पडतो.

## सुरक्षितता व दुखापत

उमेदवार कामगार नसला तरी आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या ज्या तरतुदी कारखान्यातील कामगारास लागू होतात, त्या त्यालाही लागू होतात. खाणीतील उमेदवारास खाणकामगारासाठीच्या तरतुदींचे संरक्षण आहे. प्रशिक्षणादरम्यान व प्रशिक्षणामुळे दुखापत झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी नियोक्त्याची असते.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत स्फोट होऊन प्राणहानी झाली. त्या घटनेनंतर धोकादायक कामावरील तरुणांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जिल्ह्यात प्रत्येक घरी बोलला गेला. नवखा उमेदवार जुन्या कामगारापेक्षा अधिक धोक्यात असतो, कारण कोणता आवाज नेहमीचा व कोणता बिघाडाचा, हे त्यास अजून कळत नसते. हेल्मेट, बूट व हातमोजे देणे हा जबाबदारीचा आरंभ आहे. कोणत्या यंत्राजवळ एकट्याने जायचे नाही आणि शंका आल्यास काम थांबविण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे पहिल्याच दिवशी समजावून सांगणे हा तिचा गाभा आहे.

## जिल्ह्यातील आस्थापना

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शिकाऊ उमेदवारीच्या दृष्टीने प्रमुख आस्थापना पुढीलप्रमाणे आहेत.

- जवाहरनगर येथील आयुध निर्माणी: ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीचा भाग. रासायनिक संयंत्र परिचालकाचा व्यवसाय आयुध निर्माणींत शिकलेल्या माजी उमेदवारांस या निर्माणींच्या मुदतबंद भरतीत संधी मिळालेली आहे.
- मॉईल: तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी. चिखला येथे भूमिगत, तर डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या खाणीचे काम चालते.
- वरठी येथील सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा पोलाद कारखाना.
- गडेगाव येथील अशोक लेलँडचा कारखाना, जेथे वाहनांच्या गिअरबॉक्सचे उत्पादन होते.
- एस.टी. महामंडळाचा भंडारा विभाग व महावितरण: मोटार यांत्रिकी, वीजतंत्री, तारतंत्री अशा व्यवसायांसाठी.

याखेरीज दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग व मोतीबाग कार्यशाळा येथील भरतीकडेही जिल्ह्यातील आयटीआय उत्तीर्ण मुले डोळे लावून असतात. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांसाठी पहिल्या स्तरावरील थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, हे त्याचे एक कारण आहे.

## लहान उद्योगांची स्थिती

जिल्ह्याचे मुख्य पीक भात आहे, आणि तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ आहे. भातगिरण्या, विटभट्ट्या, वेल्डिंगची दुकाने, मोटार गॅरेज, छापखाने व औद्योगिक वसाहतींतील छोटी युनिटे यांपैकी बहुतेक ऐच्छिक गटात मोडतात. त्यांच्यापुढील अडचणी मोठ्या कारखान्यांहून निराळ्या आहेत.

पहिली अडचण हंगामाची. भातगिरणी दिवाळीनंतर काही महिने रात्रंदिवस चालते आणि पावसाळ्यात बरीचशी थंडावते, करार मात्र बारमाही असतो. रिकाम्या काळात यंत्रांची दुरुस्ती, बेअरिंग व पट्टे बदलणे, मोटारींची देखभाल ही कामे येतात, आणि जोडारी वा वीजतंत्री शिकणाऱ्यास तोच काळ सर्वाधिक शिकविणारा ठरू शकतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. मालकच व्यवस्थापक, हिशेबनीस व मिस्त्री असतो, तेथे संकेतस्थळावरील नोंदी मागे पडतात. अशा आस्थापनांसाठी त्रयस्थ समन्वयक संस्थांची तरतूद आहे. त्या नोंदणी, निवड व कागदपत्रे पाहतात, पण शिकविण्याची जबाबदारी नियोक्त्याचीच राहते.

तिसरी अडचण 'शिकवून सोडलेला मुलगा बुटीबोरी, हिंगणा नाहीतर पुण्यास जातो' ही. तक्रार निराधार नाही. तथापि शिकलेला मुलगा कोणत्या मजुरीवर व कोणत्या वागणुकीवर थांबेल, हे ठरविणे नियोक्त्याच्या हातात असते. उमेदवारीचे वर्ष हे उभयपक्षी पारखण्याचे वर्ष असते.

## प्रशिक्षणानंतर व करारभंग

मुदत संपल्यावर उमेदवारास नोकरी देण्याचे बंधन नियोक्त्यावर नाही आणि उमेदवारावरही ती पत्करण्याचे बंधन नाही, करारात तशी अट घातलेली असल्यास गोष्ट वेगळी. प्रत्येक नियोक्त्याने आपल्याकडील उमेदवारांना सामावून घेण्याविषयीचे धोरण स्वतः ठरवावे, असे २०१४ च्या दुरुस्तीने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित उमेदवारास थेट भरतीतील अर्जदारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे मार्गदर्शन केले.

मुदतीपूर्वी करार संपवावयाचा असल्यास सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो, परस्पर काढून टाकता येत नाही. नियोक्त्याने अटी न पाळल्यामुळे करार संपल्यास त्याने उमेदवारास शेवटच्या तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यावयाची असते.

## इतर योजनांशी फरक

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही शिकाऊ उमेदवारीहून भिन्न आहे. ती आरंभी सहा महिन्यांची होती व तिचे विद्यावेतन शासनाकडून दिले जाई. तिला १९६१ च्या अधिनियमाचा आधार नाही आणि अखेरीस व्यवसाय परीक्षाही नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा भाग असलेली आंतरवासिताही वेगळी. नियोक्त्याने एका योजनेतील व्यक्ती दुसऱ्या योजनेच्या संख्येत धरू नये.

## टीका व मर्यादा

या पद्धतीवर दोन्ही बाजूंनी टीका होते. कामगार संघटनांच्या मते काही ठिकाणी शिकाऊ उमेदवार हे स्वस्त मनुष्यबळ म्हणून वापरले जातात. एक तुकडी गेली की दुसरी आणली जाते आणि कायम जागा भरल्या जात नाहीत. उद्योजकांच्या मते कागदोपत्री व्यवहार फार असून शासनाचा वाटा खर्चाच्या मानाने थोडा आहे. उमेदवारांची अडचण आणखी साधी असते. लाखांदूर किंवा पवनीच्या टोकाच्या गावातून गडेगाव वा वरठीस रोज ये-जा करणाऱ्याच्या विद्यावेतनाचा मोठा भाग प्रवासात जातो. रात्रपाळी व बसच्या वेळा जमत नसल्याने मुलींचे पालक अनेकदा माघार घेतात. ज्या आस्थापना ये-जा, राहणे किंवा दुपारचे जेवण यांपैकी एखादी सोय करू शकतात, तेथे उमेदवार मुदत पूर्ण करण्याची शक्यता वाढते. अधिनियमाने ठरविलेले विद्यावेतन किमान आहे. त्याहून अधिक देण्यास कोणतीही आडकाठी नाही.